मुंबई महानगर प्रदेशात घर आणि नियोजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएमआर, एमएमआर म्हणतात तो प्रदेश नेमका कुठून कुठपर्यंत?

कुलाब्यापासून उत्तरेला पालघर, पूर्वेला कल्याण-बदलापूर, दक्षिणेला पेण-अलिबाग. पूर्वी या प्रदेशाचं क्षेत्रफळ ४,३५५ चौरस किलोमीटर होतं. हद्दवाढ झाल्यावर ते ६,३२८ वर गेलं. नऊ महानगरपालिका त्यात येतात: मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि २०१६ साली झालेली पनवेल. शिवाय अंबरनाथ, बदलापूरसारख्या नगरपालिका आणि शेकडो गावं.

बिल्डरच्या जाहिरातीत ‘मुंबईपासून अवघ्या काही मिनिटांवर’ असलेलं बहुतेक सगळं याच पट्ट्यात असतं. मिनिटं कोणत्या वाहनाने आणि रात्री किती वाजता मोजली, ते लिहिलेलं नसतं.

मग घर बांधायची परवानगी कोण देतं? एमएमआरडीए का?

बहुतेक ठिकाणी नाही. हा गोंधळ इतका सार्वत्रिक आहे की थोडं विस्ताराने सांगतो.

एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, १९७५ साली स्थापन झाली. सगळ्या प्रदेशाचा मोठा नकाशा, म्हणजे प्रादेशिक योजना, ती करते. पहिली योजना १९७३ ची, म्हणजे प्राधिकरणाच्या आधीची. दुसरी १९९९ साली मंजूर झाली आणि तिसरी, २०१६ ते २०३६ या काळासाठीची, २०२१ मध्ये. कुठे शहर वाढू द्यायचं, कुठे कारखाने येतील, कुठे हरित क्षेत्र आणि जंगल राखायचं, हे त्यात ढोबळपणे ठरतं.

त्याखाली प्रत्येक महापालिकेचा स्वतःचा विकास आराखडा असतो. रस्ता, शाळा, दवाखाना, मैदान कुठे, हे त्यात दिसतं. इमारतीचा नकाशा पास करण्याचं काम सहसा महापालिकेच्या नगररचना किंवा इमारत प्रस्ताव विभागाकडे असतं. सहसा म्हणायचं कारण अपवाद भरपूर आहेत. बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) एमएमआरडीए, एमआयडीसीच्या (औद्योगिक विकास महामंडळाच्या) जमिनीवर एमआयडीसी, म्हाडाच्या (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या) वसाहतींत म्हाडा, झोपडपट्टी योजनेत झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) प्राधिकरण, पनवेल-उरणच्या मोठ्या भागात सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ. एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी प्राधिकरणं असू शकतात. म्हणून घर बघायला गेल्यावर पहिला प्रश्न किमतीचा नसावा. ‘इथलं नियोजन प्राधिकरण कोणतं?’ हा असावा. विक्री कार्यालयातल्या माणसाला उत्तर देता आलं नाही तर तीही माहितीच आहे.

मुंबईत जागाच उरली नाही, म्हणून घरं महाग. बरोबर ना?

अर्धं बरोबर. तीन बाजूंना पाणी, मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, किनाऱ्यावर सीआरझेडचे (किनारी नियमन क्षेत्राचे) निर्बंध, खाडीत खारफुटी. जमीन खरोखर कमी आहे. पण २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत पावणेपाच लाखांच्या आसपास घरं रिकामी आढळली होती. त्याच जनगणनेत शहरातली चाळीस टक्क्यांहून अधिक वस्ती झोपडपट्टीत होती. दोन्ही आकडे एकाच शहराचे. तुटवडा आहे तो कामगार, कारकून, परिचारिका, रिक्षावाला यांना परवडेल अशा घराचा.

आणि माणसं कुठे गेली तेही पाहा. २००१ ते २०११ या दशकात कुलाबा ते माहीम-शीव या शहर भागाची लोकसंख्या सुमारे अडीच लाखांनी घटली, तर तेव्हाचा अविभाजित ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांवर जाऊन देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. लालबाग-परळमध्ये टॉवर उभे राहत होते त्याच वर्षांत तिथला माणूस डोंबिवली, नालासोपारा, बदलापूरला जात होता. या प्रदेशाचा खरा आराखडा लोकलच्या मार्गांनी आखलाय, कागदावरच्या योजना मागून येतात, असं माझं मत आहे.

एफएसआय वाढवला की घरं स्वस्त होतील, असं दर निवडणुकीत ऐकतो. होतात का?

आधी एफएसआय म्हणजे काय ते. चटई क्षेत्र निर्देशांक. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक १ असेल तर सगळे मजले मिळून हजार चौरस मीटर बांधता येतं, ३ असेल तर तीन हजार. मुंबईत १९९१ च्या नियमावलीत शहर भागाला १.३३ आणि उपनगरांना १ असा मूळ निर्देशांक होता. २०१८ पासून लागू झालेल्या नियमावलीत मूळ आकडा, पैसे भरून मिळणारा अधिमूल्याचा भाग आणि टीडीआर (जमीन दिल्याच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) मिळून निवासी बांधकाम शहरात ३ आणि उपनगरांत २.५ पर्यंत जाऊ शकतं. पण ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून. अरुंद गल्लीत पूर्ण मर्यादा मिळत नाही. वर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे त्याहूनही जादा मिळणारं क्षेत्र. मुंबईबाहेरच्या पालिकांना डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रित नियमावली लागू आहे, तिचं गणित वेगळं.

आता स्वस्ताईचं. निर्देशांक वाढला की पहिल्यांदा वाढतो तो जमिनीचा भाव, कारण मालकालाही कळतं की आता इथे दुप्पट मजले चढणार. वाढीव भागासाठी पालिका अधिमूल्य घेते, तेही शेवटी फ्लॅटच्या किमतीत येतं. घरांची संख्या वाढते, काही वेळा भाववाढीचा वेग मंदावतो. भाव खाली आल्याचं मी तरी पाहिलं नाही. ड्रेनेजची पाइप आणि शाळेचे वर्ग मात्र तेवढेच राहतात.

आमच्या प्लॉटवर मैदानाचं आरक्षण आहे. वीस वर्षांत कुणी फिरकलं नाही. काय करता येईल?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम १२७ वाचा. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत प्राधिकरणाने कायद्यातली पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. सूचना बिनचूक हवी आणि मालकी हक्काची कागदपत्रं सोबत हवीत. इथे वकिलाची फी वाचवू नका. दुसरा मार्ग म्हणजे जमीन देऊन टीडीआर घेणे.

शेजारी म्हणून विचारत असाल तर उलट सल्ला: वॉर्डात मोकळी जागा उरली नसेल तर तेच आरक्षण टिकवण्यासाठी पालिकेच्या मागे लागा. एकदा गेलेलं मैदान परत आल्याचं उदाहरण शोधावं लागतं.

गिरगावात आजोबांच्या नावावर पागडीची (एकरकमी पैसे देऊन कायम भाड्याने घेतलेली) खोली आहे. इमारत मोडकळीला आलीय. मालक हलत नाही.

भाडं १९४० च्या पातळीवर गोठलं, मग १९४७ चा भाडे कायदा आला, आणि मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. त्यातून १९६९ साली उपकर (जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीचा जादा कर) आणि दुरुस्ती मंडळ आलं. तेव्हा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या त्या ‘अ’ वर्गात. तुमची बहुधा त्यातलीच.

पुनर्विकास मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) या नियमाखाली होतो. भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र मिळतं आणि ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते. इमारत धोकादायक ठरली आणि मालक ठरलेल्या मुदतीत प्रस्ताव देत नसेल, तर भाडेकरूंच्या संस्थेला संधी आणि त्यांनीही केलं नाही तर म्हाडाने ताबा घ्यायचा, अशी तरतूद म्हाडा कायद्यात झाली आहे.

तुमचं पहिलं काम मात्र वेगळं. आजोबांच्या नावाची भाड्याची पावती वडिलांच्या किंवा तुमच्या नावावर झाली आहे का ते पाहा. पुनर्विकासाच्या यादीत नाव लागतं ते पावतीवरून. भावंडांचा वाद असेल तर तो यादी लागण्याआधी मिटवा, नंतर बिल्डरला तो फार उपयोगी पडतो.

आमची सोसायटी तीस वर्षांची. कमिटी म्हणते बिल्डर ठरला. असं ठरतं का?

नाही. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे विशेष सर्वसाधारण सभा, गणपूर्ती, प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, निविदा, निबंधक कार्यालयाच्या प्रतिनिधीसमोर विकासकाची निवड, असा क्रम आहे. एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची लेखी संमती लागते. सगळ्या सभेचं चित्रीकरण करायचं असतं. ते मागा.

किती चौरस फूट जास्त मिळणार यावर सगळी सभा संपते, हे नेहमीचं. त्यापेक्षा कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी, सोसायटीच्या नावावर आहे का, बँक हमी किती, भाडं थांबलं तर काय, प्रत्येक सभासदाबरोबर कायमस्वरूपी पर्यायी निवासाचा करार नोंदवला जाणार का, हे विचारा. कन्व्हेयन्स नसेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्ससाठी) जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज होतो, मालकाची सही लागत नाही. स्वयंपुनर्विकासाचा पर्यायही आता खरा आहे. कमिटीतली दोन-तीन माणसं रोज वेळ देणारी हवीत, तरच.

झोपु योजनेत आम्ही पात्र आहोत का?

१ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी असेल आणि पुरावे असतील तर घर मोफत. १ जानेवारी २००० ते १ जानेवारी २०११ या काळातली असेल तर अडीच लाख रुपये भरून. घर ३०० चौरस फुटांचं. योजना सुरू झाली तेव्हा ते २२५ होतं, मग २६९ झालं.

पात्रतेचा निकाल परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्र-अपात्र रहिवाशांच्या यादीत, असतो. मतदार यादीतलं नाव, जुनं वीजबिल, फोटोपास हे पुरावे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पावसापासून जपा, गंमत नाही. नाव वगळलं गेलं तर अपील करता येतं, मुदत चुकवू नका. संक्रमण काळात भाडं थकणं ही सगळ्यांत मोठी तक्रार होती, म्हणून आता विकासकाला दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करावं लागतं.

झोपु प्राधिकरण १९९५ पासून आहे. खुल्या बाजारात विकायच्या इमारतीच्या नफ्यातून मोफत घर द्यायचं, ही तिची कल्पना. त्यामुळे जिथे जमीन महाग तिथे विकासक रांग लावतात आणि मानखुर्द-गोवंडीसारख्या ठिकाणी योजना रखडतात. पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना इतक्या चिकटून असतात की खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो. याला घर देणं म्हणतात, पण ऊन-वारा त्यात धरलेला नाही.

धारावी आणि बीडीडी चाळींत एवढा फरक का?

बीडीडी, म्हणजे ब्रिटिश काळातल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, चाळींची बहुतेक जमीन शासनाची आणि विकासक म्हाडा. १९२० च्या दशकात बांधलेल्या या २०७ चाळी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीत आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फूट. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या.

धारावीत २०२२ च्या निविदेत अदानी समूहाची निवड झाली. पात्र रहिवाशाला तिथेच ३५० चौरस फूट, अपात्र ठरलेल्यांना धारावीबाहेर घर. वाद इथेच आहे. कुंभारवाड्यातली भट्टी, चामड्याचं काम, पोटमाळ्यावरचं शिवणकाम हे सारं राहण्याच्या जागेला जोडलेलं आहे. सातव्या मजल्यावर भट्टी पेटत नाही.

गिरणी कामगारांच्या घरांचं काय झालं?

१९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या बदलाने हा हिशेब फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता उरला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. सहाशे एकरांच्या गिरणगावातून शहराच्या वाट्याला तुकडे आले. १८ जानेवारी १९८२ ला संपावर गेलेल्या कामगारांचे वारस आज शेलू-वांगणीच्या घरांना नको म्हणून आझाद मैदानात बसतात, ते यामुळे. त्यांचा हट्ट मला तरी अवाजवी वाटत नाही.

म्हाडाच्या सोडतीसाठी उत्पन्नाची मर्यादा किती?

मुंबई महानगर प्रदेशात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम, त्यावर उच्च गट. मुंबईतली घरं मुंबई मंडळाकडे, ठाणे-पालघर-रायगडची कोकण मंडळाकडे. अर्ज ऑनलाइनच. कुणी ‘कोट्यातून करून देतो’ म्हणत असेल तर पोलिसांकडे जा.

कमी ऐकलेली गोष्ट: दहा लाखांवर लोकसंख्येच्या पालिकांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या खासगी प्रकल्पात २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प गटासाठी ठेवावी लागतात. ठाणे, कल्याण परिसरात ती म्हाडाच्या सोडतीतून येतात. ज्यांना विरारचं टोक नको त्यांनी ही यादी बघावी.

सिडकोच्या भागात घर घेताना वेगळं काय?

जमीन मालकीची नसते, भाडेपट्ट्याची असते, बहुधा साठ वर्षांच्या. हस्तांतरणाला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागतं. ‘साडेबारा टक्के’ भूखंडावरची इमारत असेल तर मूळ वाटपपत्रापासूनची साखळी तपासा. ही योजना फुकट आलेली नाही. १९७० साली सिडको आली, ९५ गावांची जमीन गेली, आणि १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यातल्या आंदोलनात गोळीबारात पाच शेतकरी मेले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून संपादित जमिनीचा विकसित वाटा शेतकऱ्याला देणं भाग पडलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाला त्यांचं नाव मिळावं, हा आग्रह त्यामुळेच होता.

‘तिसऱ्या मुंबईत’ आताच गुंठा-दोन गुंठे घेऊन ठेवावे का?

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि पेण-उरण-पनवेलचे भाव हलले. त्याच वर्षी १२४ गावांच्या, सुमारे ३२३ चौरस किलोमीटरच्या कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी, म्हणजे याच तिसऱ्या मुंबईसाठी, एमएमआरडीएला नेमलं गेलं. शेजारी सिडकोचं नैना, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीचं नियोजित क्षेत्र, आहे, तिथे नगररचना योजनेत मालक ६० टक्के जमीन देतो आणि ४० टक्के विकसित भूखंड परत घेतो. कागदावर चांगलं. नैना २०१३ ची आहे, रस्ते अजून होत आहेत. यावरून तिसऱ्या मुंबईचा वेग जोखा.

तुम्ही शेतकरी नसाल तर कुळकायद्याप्रमाणे शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. सातबाऱ्यावर चाळीस जणांबरोबर तुमचं नाव सामाईक लागत असेल, तर तुम्ही भूखंड नाही, भांडण विकत घेताय. तुकडेबंदीच्या (जमिनीचे लहान तुकडे पाडण्यावरच्या बंदीच्या) अटी शासनाने शिथिल केल्या म्हणून त्या तुकड्यावर बांधकाम परवानगी मिळतेच असं नाही. जमीन कोणत्या क्षेत्रात येते ते सांगणारा झोन दाखला घ्या. हरित क्षेत्र लिहिलेलं असेल तर ‘लवकरच निवासी होणार’ या वाक्याला किंमत देऊ नका.

प्रकल्पाला महारेरा (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा) नंबर आहे. म्हणजे सुरक्षित?

डोंबिवली-कल्याण परिसरातल्या ६५ इमारतींच्या रहिवाशांना हेच वाटलं होतं. पालिकेच्या बनावट परवानग्या जोडून नोंदणी मिळवली गेली होती. त्यावर बँकांनी कर्जं दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने पाडण्याचे आदेश दिले आणि हप्ते भरणाऱ्या कुटुंबांवर घर जाण्याची वेळ आली.

तेव्हा नंबर पाहा, पण संकेतस्थळावर जोडलेलं बांधकाम प्रारंभपत्र उतरवून घ्या आणि पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन तोच क्रमांक तिथल्या नोंदीत आहे का ते विचारा. माहिती अधिकारात अर्ज केला तर दहा रुपयांत काम होतं. बाकी रेराचं संरक्षण खरं आहे: करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, ग्राहकांच्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात, पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी. जुनी इमारत असेल तर ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मागा. ‘ओसी येतेय’ म्हणून दहा-दहा वर्षं दुप्पट पाणीपट्टी भरणाऱ्या सोसायट्या प्रत्येक उपनगरात आहेत.

भाड्याने राहायचं तर?

लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची. पोलीस पडताळणीही आता ऑनलाइन होते. भाड्याची सार्वजनिक घरं मात्र या प्रदेशात जवळपास बंदच झाली. इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, बीडीडी, गिरण्या, रेल्वे या सगळ्यांनी एकेकाळी भाड्याच्या चाळी बांधल्या. आज प्रत्येक योजना मालकीचं घर देते, आणि नुकताच शहरात आलेला मुलगा विक्रोळीत कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त खाटेपुरतं भाडं भरून, झोपतो.

टँकरचं पाणी किती वर्षं घ्यावं लागेल?

घोडबंदर रोड किंवा वसई-विरारचा प्रश्न असेल तर नवीन टॉवरला परवानगी देताना पाण्याचा हिशेब झाला होता का, हे आधी विचारा. मुंबईला पाणी देणारे मोठे तलाव ठाणे-पालघर-नाशिकच्या डोंगरात आहेत. वैतरणा, तानसा, भातसा ज्या शहापूर भागात आहेत तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. सूर्या प्रकल्पाचं पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी आहे. तेही आदिवासी तालुक्यांतूनच येतं.

नवा आराखडा प्रसिद्ध झालाय. सामान्य माणसाच्या हरकतीने काही होतं का?

मुंबईचा २०३४ चा आराखडा पहिल्यांदा २०१५ मध्ये आला तेव्हा त्यात रस्ते घरांवरून गेले होते, वारसा इमारतींच्या नोंदी चुकल्या होत्या, असं लोकांनी दाखवून दिलं. हरकतींचा इतका पाऊस पडला की मुख्यमंत्र्यांनी फेरतपासणीचे आदेश दिले आणि २०१६ मध्ये सुधारित प्रारूप काढावं लागलं. म्हणजे होतं.

विकास आराखड्यासाठी मुदत साधारण ३० दिवसांची असते, जाहिरातीतली तारीख पाहा. ‘आमचा विरोध आहे’ एवढं लिहू नका. सर्व्हे किंवा सिटीएस (नगर भूमापन) क्रमांक, आराखड्याच्या पानाचा क्रमांक, काय चुकलं आणि त्याजागी काय हवं, हे मराठीत दोन परिच्छेदांत लिहा. सोसायटीतल्या प्रत्येकाने वेगळी सही करून वेगळा अर्ज द्या. आवक शिक्क्याची पोच घ्या. सुनावणीचं पत्र आलं की जा, कारण तिथे गैरहजर राहिलात तर अर्ज निकाली निघतो.